अकरा सेकंदांची कॉपी

माझ्या सुनेची डिग्री बोगस आहे असं मैसुरात सगळ्यात आधी कुणी म्हटलं असेल, तर ते मी. आणि म्हटलं कुठं, तर विठ्ठल मंदिरात, एकादशीच्या भजनाला सगळा समाज जमलेला असताना. म्हणून ती डिग्री खरी कशी ठरली हे पण मीच सांगणार. दुसऱ्या कुणाला सांगायला दिलं तर तो पदरच्या चार गोष्टी घालणार, आणि मला ते खपत नाही.

मी सोयराबाई. आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, घराच्या पुढच्या खोलीतच. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून कात्री माझ्या हातात. मुलगा शरत हिनकलला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. आम्ही इथले जुने, पाच पिढ्या झाल्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि भांडायला लागलो की दोन्ही. सून सहना हुणसूरची. ती पण आमच्यातलीच, पण तिचं मराठी म्हणजे चार शब्द मराठी आणि सहा कन्नड. मला ती अत्ते म्हणते. आमच्याकडे सासूला अत्तेच म्हणतात.

सहना जयलक्ष्मीपुरमच्या एका शाळेत अकरा वर्षं गणित शिकवत होती. त्याच आवारात त्यांचं पीयू कॉलेज आहे, म्हणजे आपलं अकरावी-बारावी. तिथले गणिताचे सर रिटायर झाले तेव्हा प्रिन्सिपल सुप्रीता मेडमनी सहनाला वरच्या वर्गांवर पाठवलं. मुलं खूश, मेडम खूश. पण कॉलेजवर कायम व्हायचं तर एम.एस्सी. पाहिजे, आणि ही नुसती बी.एस्सी., बी.एड.

मेडमनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "दोन वर्षं देते. दुसऱ्या वर्षाच्या जूनअखेरपर्यंत एम.एस्सी. आणलीस तर जागा तुझी. नाही आणलीस तर दुसरा माणूस घ्यावा लागेल. आणि हायस्कूलची तुझी जागा पवित्रा टीचरला दिली आहे, तिकडे पण परत जाता येणार नाही."

म्हणजे डिग्री आली तर कायमची नोकरी, नाही आली तर घरी. मधला रस्ताच नाही.

आता गंमत बघा. तिच्या कॉलेजपासून युनिव्हर्सिटी चालत दहा मिनिटांवर. पण तिथं दिवसा वर्गात बसावं लागतं, आणि दिवसा ही स्वतःच वर्गात उभी. मग तिनं शोधून शोधून एक ऑनलाइन एम.एस्सी. काढली. विद्यापीठ कर्नाटकातलंच, सरकारच्या मान्यतेच्या यादीत नाव असलेलं. शरतनं ती यादी स्वतः तपासली. मला पण दाखवली, पण मी चष्माच लावला नाही.

खरं सांगते, मला ते पटतच नव्हतं. मी कात्री शिकले ती सासऱ्यांच्या शेजारी बसून. चुकीचा काप गेला की मनगटावर लाकडी पट्टी बसायची. शिकणं म्हणजे कुणीतरी आपला हात बघत असतं, असं माझ्या डोक्यात पक्कं. इथं ही कानात वायर घालून लॅपटॉपसमोर बसणार, आणि त्यातून गणितातली एम.एस्सी. बाहेर येणार? सुम्ने, उगीच काहीतरी!

त्या एकादशीला मंदिरात भवानीबाईंनी विचारलं, "काय गं सोयरे, सून म्हणे मोठी डिग्री करतेय?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "कसली डिग्री! घरात बसून परीक्षा. तिच्याऐवजी मी बसले तरी त्यांना काय कळतंय? पैसे भरा, कागद घ्या, झालं."

सगळ्या बायका खो खो हसल्या. मला पण बरं वाटलं, लोक हसले की वाटतंच. मग मान वळवली तर मागे सहना प्रसादाचं ताट घेऊन उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं प्रत्येकीच्या हातावर प्रसाद ठेवला, माझ्या पण ठेवला, आणि घरी आल्यावर आठवडाभर "हो अत्ते", "नाही अत्ते" यापलीकडे एक शब्द बोलली नाही. मी पण बोलले नाही. माझा स्वभावच तसा, चूक कळली की राग आणखी चढतो.

ती दोन वर्षं मी डोळ्यांनी बघितली. पहाटे चारला उठायची. सहापर्यंत तिचे ते वर्ग, मग स्वयंपाक, मग कॉलेज. शनिवार-रविवार पूर्ण दिवस स्क्रीनसमोर. वह्यांवर वह्या भरल्या, मी मोजल्या होत्या, सतरा. एकदा मी इडलीचं पीठ काढायला उठले तर ही ओट्याला टेकून रडत होती. एक गणित तीन दिवस सुटत नव्हतं.

"मग विचार की तुझ्या त्या सरांना," मी म्हटलं.

"मेल केलाय अत्ते, उत्तर परवा येणार. कॉलेजात असते तर शेजारच्या बाकावरच्या मुलीला विचारलं असतं. इथं शेजारी कुणी नाही. कॅन्टीन नाही, लायब्ररी नाही. सगळं आपणच ओढायचं."

मी तिला कॉफी करून दिली. पण 'शाबास' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

शेवटचा पेपर मे महिन्यात होता, सकाळी दहाला. आता आमच्यातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नव्या कापडाला पहिली कात्री लावायच्या आधी विठ्ठलाचा बुक्का लावतात. परीक्षेला जाणाऱ्याच्या कपाळाला पण बुक्का, आणि उंबरा ओलांडताना घरातल्या मोठ्या बाईनं तोंडात दही-साखर घालायची. शरतच्या प्रत्येक परीक्षेला घातली. पण ही परीक्षा घरातच! उंबरा ओलांडायचाच नाही, तर दही घालायचं कधी? आधीच्या पेपरांना मी रागात होते, म्हणून दिलंच नव्हतं. शेवटच्या पेपरला मात्र मन राहवेना. म्हटलं, आपल्या हातून एवढं तरी होऊ दे. खोलीचा उंबरा तोच परीक्षेचा उंबरा धरायचा असं मी मनाशी ठरवलं.

पण नेमकी साडेनऊला वरलक्ष्मी आली, शेजारची, मुलीच्या लग्नाचे ब्लाउज घेऊन. बाही आखूड, गळा मोठा, तिचं संपता संपेना. ती गेली आणि मी घड्याळ बघितलं, दहा वाजून सात मिनिटं. पेपर म्हणजे आधी हजेरी, नावं, सूचना, सुरू व्हायला वेळ असेलच, असं म्हणत मी वाटी घेऊन दार ढकललं. सहना लॅपटॉपसमोर ताठ बसलेली. मी तिच्या कपाळाला बुक्का लावला, चमचा तोंडात घातला, "नीट लिही गं बाळ," म्हटलं आणि बाहेर आले. दारातून वळून बघितलं तर ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिला विषच दिलंय. आणि स्क्रीन लाल झाली.

आम्हाला कुणाला नीट कल्पनाच नव्हती. म्हणजे सहनाला होती, तिनं आदल्या रात्री सांगितलं पण होतं की खोलीत कुणी यायचं नाही. मला वाटलं, कुणी म्हणजे बाहेरचं कुणी. मी काय बाहेरची आहे? त्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून तिकडे माणसं बघत होती. पेपरच्या आधी तिला सगळी खोली फिरवून दाखवायला लावली होती, टेबलाच्या खालचं, कान, मनगटं सुद्धा. हे मला नंतर कळलं.

चार दिवसांनी पत्र आलं. शरतनं वाचून दाखवलं. "परीक्षा चालू असताना अकरा सेकंद दुसरी व्यक्ती खोलीत. परीक्षार्थीच्या कपाळावर काळा पदार्थ लावला. तोंडात पांढरा पदार्थ घातला. काही बोलणे झाले. कॉपीचा संशय. निकाल रोखण्यात येत आहे."

जून तोंडावर आलेला. निकाल नाही म्हणजे डिग्री नाही, डिग्री नाही म्हणजे नोकरी नाही. दोन वर्षांच्या पहाटा मी एका चमच्यात बुडवल्या होत्या.

आणि त्याच वेळी डोक्यात दुसरं एक आलं. अय्यो, म्हणजे ही माणसं खरंच बघतात! मी सगळ्या समाजासमोर म्हणाले होते की माझ्यासारखी बाई बसली तरी कळणार नाही, आणि यांनी माझे अकरा सेकंद मोजले.

"मला शिव्या दे की गं," मी सहनाला म्हटलं. "काहीतरी बोल. भांडं तरी आपट."

"काय शिव्या देऊ अत्ते? दोन वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही माझ्या परीक्षेला काहीतरी दिलं."

मग मात्र मी रडले. सुनेसमोर रडायचं नाही असं मी ठरवून ठेवलं होतं, ते ठरवणं गेलं चुलीत. "चुकले गं," म्हटलं, "दह्यात पण चुकले आणि मंदिरात पण चुकले." तिनं माझा हात धरला आणि ती पण रडली. शरत दारात उभा राहून नुसता "साकु, साकु" करत होता, पुरे आता, पुरे आता.

आठवड्यानं चौकशी झाली, ती पण लॅपटॉपवरच. समोर तीन जण, दोन सर आणि एक मेडम. मला पण बोलावलं होतं. मी नवीन साडी नेसून बसले. बोलणं कन्नडमध्ये होतं, त्यामुळे माझं काही अडलं नाही.

"आजी, तुम्ही काय भरवलंत?" मेडमनी विचारलं.

"दही. साखर घालून."

"त्यात चिठ्ठी वगैरे काही होती का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "दह्यात घातलेली चिठ्ठी वाचता येते का हो मेडम? भिजणार नाही ती?"

एक सर हसले. मधले म्हातारे सर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "आजी, तुम्ही खरं बोलताय असं मलाही वाटतं. पण आज दही सोडलं, तर उद्या कुणी उत्तर घेऊन आत येईल आणि म्हणेल मी प्रसादच देत होतो. मग या हजारो मुलांच्या डिग्रीला बाहेर कोण विचारणार?"

रागावण्याऐवजी मला त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला. आमचे सासरे असेच होते. स्वतःच्या मुलानं शिवलं तरी टाका वाकडा असेल तर उसवायला लावायचे.

निर्णय लागला. तो पेपर रद्द. नवा पेपर पंधरा दिवसांत, आणि वर संशय फेडायला तासभर तोंडी परीक्षा, तीन प्रोफेसरांसमोर. दोन्हीत पास झाली तरच डिग्री.

त्या पंधरा दिवसांत स्वयंपाकघर मी तिच्याकडून काढून घेतलं. पेपरच्या दिवशी दुकान बंद ठेवलं, बुक्का आणि दही सकाळी आठलाच उरकलं, आणि तिच्या खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले. वरलक्ष्मी पुन्हा तिचा ब्लाउज घेऊन आली. मी तोंडावर बोट ठेवून हातानंच तिला रस्ता दाखवला. ती म्हणाली, "पण लग्न परवा..." मी असे डोळे वटारले की ती उलट्या पावली गेली. तोंडी परीक्षेच्या दिवशी पण तेच. दाराआडून सहनाचा आवाज यायचा, न थांबता, न अडखळता, गणितातलं काय काय बोलत होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण आवाज कळत होता. घाबरलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो.

निकाल वीस जूनला आला. पेपरात शंभरपैकी एक्क्याण्णव. तोंडी परीक्षेचा शेरा, उत्कृष्ट. आरोप निराधार असल्याचं दोन पानी पत्र, आणि फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. शरतनं गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. मला वाटलं, जिंकलो.

पण कुठलं! कॉलेजची मुलाखत अजून बाकी होती.

मुलाखत जूनच्या शेवटच्या शुक्रवारी. सुप्रीता मेडमचे चार ब्लाउज तयार होते, ते द्यायच्या निमित्तानं मी पण सहनाबरोबर गेले. खरं म्हणजे घरी जीव थाऱ्यावर राहिला नसता. मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकडं होतं, त्यावर बसले. लाइट गेलेली म्हणून दार सताड उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

आत तिघं होते. मेडम, युनिव्हर्सिटीतून आलेले एक वयस्कर प्रोफेसर, आणि संस्थेचे एक विश्वस्त, हरिहर पारसनीस. हे मूळचे पुण्याचे, वीस वर्षांपूर्वी इथं आले, सॉफ्टवेअर कंपनीत मोठे साहेब. सहना मराठी आहे कळल्यावर ते तिच्याशी मराठीतच बोलायला लागले. त्यांचं मराठी एकदम इस्त्री केलेलं. मेडमना आणि प्रोफेसरांना पण मराठी कळत होतं.

"हे बघा, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका," पारसनीस म्हणाले. "माझ्याकडे अशा ऑनलाइन डिग्र्या घेऊन पुष्कळ मुलं येतात. कागद चकचकीत असतो, डोकं कोरं असतं. घरी बसून दिलेली परीक्षा, समोर पुस्तक आहे की भाऊ बसलाय, कुणाला ठाऊक? उद्या पालकांनी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

"सर, विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे," सहना म्हणाली.

"कागदावर आहे हो. मान्यता आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेवर देखरेख असते म्हणतात, पण खरंच कोण बघतं?"

तो माणूस अक्षर न् अक्षर माझंच वाक्य बोलत होता. मी मंदिरात बोललेलं! शरत असता तर त्यानं माझा पदर धरून मला खाली बसवलं असतं. तो नव्हता. मी उठले आणि सरळ आत गेले.

"कोण बघतं ते मी सांगते," मी म्हटलं.

सहनानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं असणार, आली पुन्हा वाटी घेऊन.

"काकू, आपण कोण?" पारसनीस म्हणाले.

"मी हिची सासू. परीक्षा चालू असताना आत शिरून हिच्या तोंडात दही घातलं ती बाई. अकरा सेकंद होते मी आत. त्यांनी पेपर रद्द केला, निकाल रोखला, मला चौकशीला बसवलं. पुन्हा पेपर घेतला, वर तासभर तोंडी घेतली. सहना, ते पत्र दे साहेबांना."

सहनाच्या फाइलमध्ये पत्र होतं. पारसनीसांनी ते वाचलं. पहिलं पान, दुसरं पान, मग पुन्हा पहिलं.

"दह्यासाठी पेपर रद्द केला?"

"केला. आता तुम्ही सांगा, साहेब. तुमची स्वतःची परीक्षा कॉलेजात, हॉलमध्ये बसून झाली ना? तिथं कधी कुणी कॉपी केली नाही? खरं सांगा."

ते हसू दाबत म्हणाले, "केली होती. माझ्या पुढच्याच बाकावरच्यानं. साठ मुलांवर एक सर, ते पण वर्तमानपत्र वाचत होते."

"त्याला कुणी पकडलं?"

"नाही. आज तो फार मोठ्या हुद्द्यावर आहे."

प्रोफेसर मोठ्यानं हसले. मेडमनी मला बाहेर जा म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी बंद केलं आणि कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. मी बसले.

पण पारसनीस सोडणारे नव्हते, आणि त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवत नाही. ते म्हणाले, "परीक्षा कडक होती, मान्य. पण शिक्षणाचं काय? स्क्रीनकडे बघून गणित डोक्यात शिरतं का?"

"विचारा, सर," सहना म्हणाली. "काहीही विचारा."

ते उठून फळ्याजवळ गेले. "बरं. आकड्यांची रांग आहे, एकापुढे एक लहान होत जाणारी, इतकी लहान की शेवटी शून्याजवळ जाते. मग त्यांची बेरीज कुठंतरी थांबणारच. सिद्ध करा."

सहना फळ्याकडे बघत राहिली.

"सिद्ध करता येणार नाही, सर," ती म्हणाली.

"म्हणजे येत नाही."

"नाही सर. मला येत नाही असं नाही. ते खरंच नाही. बेरीज थांबलीच पाहिजे असं काही नाही."

पारसनीसांच्या कपाळाला आठी पडली. सहनानं खडू उचलला आणि भराभर लिहिलं. एक, एक भागिले दोन, एक भागिले तीन, असं पुढं. खाली चार ओळी. प्रोफेसर पुढं वाकून बघत होते, त्यांची मान हलायला लागली.

"असेल," पारसनीस म्हणाले, "पण मी विचारतो ते वेगळं. हे सतरा वर्षांच्या पोराला कसं सांगाल?"

सहनानं खोलीत नजर फिरवली. गणित न येणारं तिथं एकच माणूस होतं. ती माझ्याकडे वळली.

"अत्ते, कापड समजा. पहिला तुकडा एक मीटर. दुसरा अर्धा. तिसरा एक मीटरचा तिसरा हिस्सा, चौथा पाव. तुकडे लहान होत चाललेत, अल्वा, हो ना?"

"हो."

"आता तिसरा आणि चौथा जोडा. तिसरा पावापेक्षा मोठा आहे. मग दोघं मिळून?"

"अर्ध्या मीटरच्या वर," मी म्हटलं. एवढं मला झोपेत पण येतं.

"पुढचे चार तुकडे घ्या. सगळ्यात लहान आठवा हिस्सा. चारही निदान तेवढे तरी."

"चार आठवे म्हणजे अर्धा. म्हणजे पुन्हा अर्ध्याच्या वर."

"त्याच्यापुढचे आठ?"

"पुन्हा अर्धा." मला एकदम दिसलं. "अगं, म्हणजे दर वेळी तुकडे जास्त लागतील, पण अर्धा मीटर मिळतच राहणार! आणि तुकडे काही संपत नाहीत. म्हणजे कापड हुणसूरच्या पुढं जाईल!"

"हुणसूरच्या पुढं, दिल्लीच्या पुढं. कुठंच थांबणार नाही," सहना म्हणाली आणि तिनं हात झटकून खडूची पूड पाडली.

"बरोबर," प्रोफेसर म्हणाले. "अगदी बरोबर. हे इतक्या साध्या शब्दांत मी पण कधी सांगितलं नाही."

पारसनीस फळ्याजवळ उभे होते. त्यांनी बोट ठेवून ठेवून सगळ्या ओळी पुन्हा जोडून बघितल्या. दोन मिनिटं तरी गेली असतील. मग ते वळले आणि सहनाला म्हणाले, "तीस वर्षं मी हे चुकीचं धरून चाललो होतो. आणि मी वर्गात बसून शिकलोय, ते पण नावाजलेल्या कॉलेजात." मग मेडमकडे बघून, "माझे प्रश्न संपले. हिला घेतलं नाही तर आपलंच नुकसान आहे."

तो माणूस आपली चूक चारचौघांत एका दमात बोलून मोकळा झाला. मला दोन वर्षं लागली होती, आणि ती पण घराच्या चार भिंतींत. त्याबाबतीत मात्र मला त्यांचा हेवा वाटला.

त्याच दिवशी मेडमनी सहीचं पत्र दिलं. गणिताची लेक्चरर, कायम. सहनानं ते तिथं नुसतं हातात धरलं, वाचलं पण नाही. बाहेर पडून झाडाखाली आल्यावर वाचलं, तीनदा. मग मला विचारते, "अत्ते, माझंच नाव आहे ना यावर?" मी म्हटलं, "तुझंच गं माझे बाई, तुझंच!" आणि रस्त्यावर, रिक्षावाले बघत असताना, तिची दृष्ट काढली, दोन्ही हातांची बोटं कानशिलावर कडाकडा मोडून.

पण माझं काम झालं नव्हतं.

पुढच्या एकादशीला मंदिर भरलं होतं. आमचा गुंडू भजन सांगतो. तो टाळ घेऊन उभा राहिला, तोंड उघडणार, एवढ्यात मी त्याच्या हातातून माइक घेतला.

"एक मिनिट," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी मी याच जागी म्हणाले होते की माझ्या सुनेची डिग्री बोगस आहे. तुम्ही सगळ्या हसला होता. मी चुकीचं बोलले होते. काही माहिती नसताना बोलले होते. पहाटे चारला उठून तिनं सतरा वह्या भरल्या, आणि माझ्यामुळं एक पेपर दोनदा दिला. ही सहना, एम.एस्सी. गणित, कॉलेजात लेक्चरर. मी तिची माफी मागते, सगळ्यांसमोर."

कुणी हसलं नाही. सहना खांबाजवळ बसली होती, पदर तोंडाला लावून. मी जाऊन तिच्या शेजारी मांडी घातली.

मग भवानीबाई उठल्या. मला वाटलं आता टोमणा मारणार. त्यांनी आपल्या नातसुनेला, अमूल्याला, दंडाला धरून पुढं आणलं. "हिचं बी.कॉम. झालंय," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली, पोळ्या लाटतेय. हिला जमेल का गं सहना?"

"का नाही जमणार?" सहना म्हणाली. "पण जाहिरात बघून पैसे भरू नका. आधी विद्यापीठ मान्यतेच्या यादीत आहे का बघायचं, तो कोर्स पण त्या यादीत आहे का बघायचं. आणि सोपं असेल असं समजू नको गं. मला रडायला आलं होतं."

अमूल्याच्या मागून आणखी एक आली. मग स्मृती, माझ्या दुकानात मशीनवर फॉल-पिको करणारी. मग दोघी, ज्यांची लग्नं अजून व्हायची होती. कुणी फी विचारतंय, कुणी पुस्तकं, कुणी म्हणतंय मला इंग्रजी नीट येत नाही. सहनाभोवती असं कडं झालं की मला तिची वेणीच तेवढी दिसत होती. ती एकेकीला सांगत होती, वर्गात सांगावं तसं, अजिबात घाई न करता. एक मुलगी तर भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती.

मी बघत बसले. माझी सून आहे ही, माझी, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ते तर मी आत्ताच सांगितलं होतं.

गुंडूचे टाळ हातातच. तो बिचारा इकडे बघे, तिकडे बघे. "सोयराबाई," शेवटी तो म्हणाला, "भजनाची वेळ झाली हो. देव ताटकळलाय."

"थांब रे जरा," मी म्हटलं. "पोरी अभ्यासाचं विचारताहेत. विटेवर उभाच आहे की तो, थांबेल अजून दहा मिनिटं."